मिसेस जुळतो, मग मुख्य ताणच का चुकतात?

फॉन मिसेस ताण (सगळे ताण मिळून काढलेला एकच आकडा) अबॅकस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये आणि निकाल चित्ररूपात दाखवणाऱ्या पॅराव्ह्यूत तंतोतंत जुळतोय, पण मुख्य ताण (शिअर शून्य असलेल्या दिशांमधले ताण) नि त्यांच्या दिशा भलत्याच येतायत, असं तुम्ही म्हणताय. मग मेश, सॉल्व्हर वगैरे उकरत बसू नका. माझा संशय सरळ ताणाच्या घटकांच्या क्रमावर आहे.

अबॅकस स्टँडर्ड हे सहा घटक ११, २२, ३३, १२, १३, २३ असे लिहितं (१, २, ३ म्हणजे एक्स, वाय, झेड अक्ष). पॅराव्ह्यू मात्र एक्सएक्स, वायवाय, झेडझेड, एक्सवाय, वायझेड, एक्सझेड असं धरून चालतं. म्हणजे शेवटचे दोन उलटे. मिसेसच्या सूत्रात तिन्ही शिअर (कातर) घटकांचे वर्ग नुसते बेरजेत येतात, त्यामुळे ही अदलाबदल त्याच्या गावीही नसते. मुख्य ताण काढताना डिटरमिनंट लागतो, तिथे बिंग फुटतं. मी स्वतः यात दोन दिवस घालवलेत, आणि तेवढा वेळ बिचाऱ्या मटेरियल मॉडेलला शिव्या घातल्यात!

खात्रीसाठी एकाच ब्रिक एलिमेंटचा घन घ्या, फक्त १३ प्रतलात ०.०१ चा शिअर द्या आणि शून्य नसलेला आकडा कुठल्या रकान्यात येतो ते बघा.

त्याच चाचणीत स्ट्रेनही (विकृती) पाहून घ्या. अबॅकसच्या आउटपुटात शिअर स्ट्रेन इंजिनिअरिंग पद्धतीचा, म्हणजे टेन्सर (घटकांचं ३×३ कोष्टक) यातल्या घटकाच्या दुप्पट असतो. तो ०.०१ दिसेल, टेन्सर म्हणून पुढे पाठवताना ०.००५ करायला हवा. ताणाला हे निम्मं करणं लावू नका.

व्हीयूमॅट (अबॅकस एक्स्प्लिसिटसाठी स्वतः लिहिलेलं मटेरियल मॉडेल) वापरत असाल तर सावध, तिथला शिअर घटकांचा क्रम १२, २३, ३१ असतो आणि स्ट्रेन आधीच टेन्सर स्वरूपात मिळतो.