३८४०×२४०० च्या स्क्रीनवर खेळ अडखळतो: दोष स्क्रीनचा, मांडणीचा (सेटिंगचा) की उन्हाचा?

अडाणकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका गावात राहतो. माझ्या दादाचा लग्नाच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. चित्रफितींच्या संपादनासाठी त्याने या हिवाळ्यात कापसाचे पैसे हाती आल्यावर सोळा इंची स्क्रीनचा एक वापरलेला लॅपटॉप घेतला. स्क्रीन ३८४०×२४०० पिक्सेलची आणि ६० हर्ट्‌झची (सेकंदाला ६० चित्रे दाखवणारी) आहे, प्रोसेसर इंटेलचा अकराव्या पिढीचा, रॅम १६ जीबी आणि ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे ४ जीबीचे आरटीएक्स ३०५० आहे. लग्नसराईत दिवसभर लॅपटॉप दादाकडे असतो आणि रात्री नऊनंतर तो माझ्या वाट्याला येतो.

माझी अडचण अशी आहे की जीटीए ५ हा खेळ या लॅपटॉपवर सेकंदाला २० ते २२ फ्रेमच्या (चित्रांच्या) वर जात नाही, आणि शहराबाहेर गवताळ भागात गाडी नेली की त्याहूनही खाली येतो. यवतमाळला वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या मित्राकडे हेच कार्ड असलेला, पण साध्या १९२०×१०८० स्क्रीनचा लॅपटॉप आहे आणि त्याच्याकडे हाच खेळ ६० च्या वर चालतो. मी खेळात १९२०×१०८० निवडून पाहिले. फ्रेम वाढल्या, परंतु चित्र उभे ताणल्यासारखे झाले आणि अक्षरे चष्म्यावर वाफ यावी तशी पुसट दिसू लागली. शिवाय अर्ध्या तासाने कीबोर्डचा मधला भाग हात ठेववणार नाही इतका तापतो आणि फ्रेम निम्म्यावर येतात. वीज गेली की त्या दहावरच थांबतात.

इतका महाग स्क्रीन असताना कमी रिझोल्यूशनवर खेळणे म्हणजे तो वाया घालवणे आहे का? आणि मी मांडणीत केलेल्या बदलांमुळे दादाच्या संपादनाच्या कामात काही बिघाड होणार नाही ना, ही मला सर्वात मोठी काळजी आहे, कारण या हंगामाची सगळी कामे त्याच एका यंत्रावर आहेत.

निर्गुडा_वणी

आपल्या मित्राचे आणि आपले कार्ड सारखे असले तरी त्यांच्यावरचे काम सारखे नाही, हे आधी लक्षात घ्या. १९२०×१०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल आणि ३८४०×२४०० म्हणजे ९२ लाख १६ हजार पिक्सेल. मित्राचे कार्ड एक चित्र रंगवते तेवढ्या वेळात आपल्या कार्डाने जवळजवळ साडेचार चित्रांएवढे रंगवावे, अशी आपण अपेक्षा करत आहात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी कार्डाला १६.७ मिलिसेकंदच मिळतात, आणि तेवढ्या वेळात ९२ लाख ठिपके रंगवणे या कार्डाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यात कोणताही बिघाड नाही.

दुसरी अडचण ४ जीबी स्मृतीची आहे. रिझोल्यूशन वाढले की कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीवरचा भार वाढतो, आणि ती भरली की उरलेला माल लॅपटॉपच्या रॅममध्ये ठेवून कितीतरी मंद वाटेने आणावा लागतो. गाडी वळवताना जो क्षणभर झटका बसतो, तो बहुतेक वेळा या ने-आणीचा असतो. जीटीए ५ च्या ग्राफिक्सच्या पानावर वरच्या बाजूला स्मृतीचा वापर दाखवणारी पट्टी असते. ती एकदा ३८४०×२४०० वर आणि एकदा कमी रिझोल्यूशनवर पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते डोळ्यांना दिसेल. त्याच पानावर ‘ग्रास क्वालिटी’ अल्ट्रावरून नॉर्मल किंवा हाय करा आणि एमएसएए (कडा गुळगुळीत करण्याची जड सोय) बंद करा. गवताळ भागात फ्रेम कोसळण्याचे कारण तिथेच आहे.

आता चित्र ताणले का जाते ते सांगतो. आपला स्क्रीन १६:१० या प्रमाणाचा आहे आणि १९२०×१०८० हे माप १६:९ चे आहे. ते पूर्ण स्क्रीनवर पसरवले की आडव्यापेक्षा उभे जास्त ओढले जाते. आपल्यासाठी योग्य माप १९२०×१२०० हे आहे. ते आपल्या स्क्रीनच्या बरोबर निम्मे असल्याने खेळाचा एक पिक्सेल स्क्रीनवरच्या दोन आडव्या आणि दोन उभ्या अशा चार ठिपक्यांवर नेमका बसतो.

तरीही अक्षरे थोडी पुसट दिसू शकतील, आणि बरेच जण इथेच कंटाळून प्रयत्न सोडतात. माप नेमके निम्मे असले तरी चित्र मोठे करणारी यंत्रणा सवयीने शेजारच्या पिक्सेलचे रंग एकमेकांत मिसळते. ते थांबवण्यासाठी इंटिजर स्केलिंग (रंग न मिसळता चित्र पूर्ण पटीत मोठे करणे) चालू करावे लागते. आपण ते एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शोधाल आणि बहुधा ते सापडणार नाही, कारण अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनची तार इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सला जोडलेली असते. एनव्हिडियाचे कार्ड चित्र तयार करून इंटेलच्या हाती देते आणि इंटेल ते स्क्रीनवर दाखवते. म्हणून इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर उघडा आणि त्यात ‘रेट्रो स्केलिंग’ या नावाखाली इंटिजर स्केलिंग निवडा. नाव जुन्या खेळांसाठी असल्यासारखे वाटते, पण आपल्याला हवे ते तिथेच आहे.

स्क्रीन वाया जातो का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. सोळा इंची स्क्रीनवर १९२०×१२०० म्हणजे इंचाला सुमारे १४१ पिक्सेल होतात, आणि आपल्या मित्राचा स्क्रीन १५.६ इंची असेल तर त्याच्याकडेही जवळजवळ तेवढेच आहेत. खेळात आपल्याला त्याच्यापेक्षा तसूभरही कमी दिसणार नाही. उरलेले ठिपके दादाच्या कामाला हवे आहेत. लग्नाच्या चित्रफितीत शालूची जर आणि चेहऱ्यावरची हळद नीट पारखायची तर तेच उपयोगी पडतात.

दादाच्या कामाची काळजी रास्त आहे. खेळात ‘फुल स्क्रीन’ निवडा, ‘बॉर्डरलेस’ नको. बॉर्डरलेसमध्ये खेळ विंडोजच्या रिझोल्यूशनला बांधलेला राहतो आणि मग लोक विंडोजचेच रिझोल्यूशन बदलून ठेवतात. फुल स्क्रीनमध्ये बदल खेळापुरता राहतो आणि खेळ बंद होताच स्क्रीन ३८४०×२४०० वर परत येतो.

वर्धाकाठ

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु १९२०×१२०० पर्यंत खाली येण्याची गरजच काय, असे मला वाटते. आरटीएक्स कार्डात डीएलएसएस (कमी मापावर रंगवलेले चित्र मोठे करण्याची सोय) आहे. जीटीए ५ ची जी नवी आवृत्ती पीसीवर मार्च २०२५ मध्ये आली, तिच्यात ही सोय दिलेली आहे. खेळात ३८४०×२४०० च ठेवून डीएलएसएस परफॉर्मन्सवर टाकले, तर खेळ आतून १९२०×१२०० वरच रंगवला जातो आणि नंतर मागच्या फ्रेममधील माहितीच्या आधारे पूर्ण मापाचे चित्र तयार होते. फ्रेमही मिळतील आणि बारकावेही. माझ्या पुतणीच्या लॅपटॉपवर आम्ही असेच करतो आणि चित्र फार सुरेख दिसते.

निर्गुडा_वणी

आपले तत्त्व बरोबर आहे, आणि पुतणीच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीचे कार्ड असेल तर मीही तेच सुचवले असते. पण ४ जीबीच्या कार्डावर दोन गोष्टी आड येतात. डीएलएसएसला आतून कमी पिक्सेल मिळत असले तरी शेवटी त्याला ९२ लाख पिक्सेलचे चित्र घडवावे लागते, आणि त्या घडवण्याचा वेळ प्रत्येक फ्रेममागे त्याच १६.७ मिलिसेकंदांतून जातो. दुसरे म्हणजे पूर्ण मापाच्या चित्रासाठी लागणारी स्मृती मोजावीच लागते, आणि इथे तर तिचीच चणचण आहे. शिवाय नवी आवृत्ती जुनीपेक्षा जड आहे. म्हणून या कार्डावर आधी खेळाचे माप १९२०×१२०० करावे आणि तरीही फ्रेम कमी पडल्या तर डीएलएसएस क्वालिटीवर ठेवावे. तेव्हा खेळ आतून १२८०×८०० वर रंगवला जातो. ज्या खेळांत डीएलएसएस नाही पण एएमडीची तशीच सोय, एफएसआर, आहे, तिथे तेही एनव्हिडियाच्या कार्डावर चालते.

मेळघाट_दुरुस्ती

मी परतवाड्याला लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. प्रश्नातील ‘अर्ध्या तासाने फ्रेम निम्म्यावर येतात’ हे वाक्य मला रिझोल्यूशनपेक्षा महत्त्वाचे वाटले, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापराच्या जागेचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे लिहिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो आणि टिनाच्या छपराखालची खोली रात्री नऊ-दहा वाजताही ३५ च्या खाली उतरलेली नसते. लॅपटॉपचा पंखा काही थंडावा निर्माण करत नाही, तो खोलीतली हवा आत ओढून आतली उष्णता बाहेर टाकतो. आत जाणारी हवाच तापलेली असेल, तर प्रोसेसर आणि कार्ड आपल्या मर्यादेला लवकर पोहोचतात आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतात. पुण्यामुंबईकडच्या चाचण्यांत जे आकडे दिसतात ते गार खोलीतले असतात. ते आपल्या उन्हाळ्याला जसेच्या तसे लावू नयेत.

आता मला विचारायचे आहे की, घरात कापूस साठवला होता का? आपल्या भागात वेचणीपासून विक्रीपर्यंत कापूस बैठकीच्या खोलीत छताला टेकेपर्यंत भरलेला असतो, आणि त्याच घरात लॅपटॉप चालत असेल तर पंख्यामागे तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांची जी जाळी असते तिच्यावर कापसाच्या तंतूंचा अक्षरशः नमदा तयार होतो. धूळ फुंकून जाते, पण हे तंतू जात नाहीत, कारण ते पात्यांत गुंतून एकमेकांना धरून बसतात. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये माझ्याकडे ‘लॅपटॉप फार तापतो’ म्हणून जी यंत्रे येतात, त्यांपैकी अनेकांना दुसरे कोणतेही दुखणे नसते. मागचे झाकण उघडून पंखा बाजूला करावा लागतो आणि तो नमदा चिमट्याने उचलावा लागतो. जुना लॅपटॉप असल्याने त्याच वेळी थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून घ्या. हे काम घरी केले नाही तर बरे, कारण पंख्याच्या तारेची पकड फार नाजूक असते.

घरी करण्यासारखेही बरेच आहे. बाजेवर किंवा गादीवर ठेवून खेळू नका, कारण हवा ओढण्याची छिद्रे खालच्या बाजूला असतात. मागच्या बाजूला दोन लाकडी पट्ट्या ठेवून लॅपटॉप बोटभर उचला. कूलर लावत असाल तर खोली गार होण्यासाठी तो उत्तम आहे, आमचा उन्हाळा कोरडा असल्याने तो चांगलाच परिणाम करतो. मात्र त्याच्या झोतासमोर लॅपटॉप ठेवू नका, कारण ताट्यांवरून उडणारे बारीक थेंब त्या हवेबरोबर आत जातात आणि असे गंजलेले बोर्ड मी पाहिले आहेत.

आपला स्क्रीन ६० हर्ट्‌झचा आहे, त्यामुळे ६० च्या वरची प्रत्येक फ्रेम केवळ उष्णता निर्माण करते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ ६० वर बांधा. उन्हाळ्यात ४५ वर बांधले तरी या खेळाला चालते. दुसरा उपाय म्हणजे विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के करणे, ज्यामुळे प्रोसेसरचा टर्बो (गरजेपुरता वाढवलेला) वेग बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. मात्र हा बदल खेळापुरता राहत नाही. सकाळी दादा बसण्यापूर्वी तो पुन्हा १०० करावा लागेल, नाहीतर त्याची चित्रफीत तयार होऊन बाहेर पडायला (एक्सपोर्ट व्हायला) विनाकारण जास्त वेळ लागेल. त्यासाठी वेगळा पॉवर प्लॅन करून ठेवलेला बरा.

वीज गेल्यावर फ्रेम पडतात त्यात दोष नाही. बॅटरी एका वेळी ॲडॉप्टरएवढी शक्ती देऊ शकत नाही, म्हणून लॅपटॉप कार्डाचा हात आखडता घेतो. तेव्हा खेळू नये, एवढेच.

अडाणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण लॅपटॉप दादाकडून सुटत नव्हता.

१९२०×१२०० आणि रेट्रो स्केलिंग त्याच रात्री केले. अक्षरे स्पष्ट झाली आणि गवत नॉर्मलवर आणल्यावर फ्रेम ५५ ते ६० च्या दरम्यान राहू लागल्या. झाडांच्या कडा किंचित दातेरी दिसतात, म्हणून एफएक्सएए (कडा गुळगुळीत करण्याची हलकी सोय) चालू ठेवले आहे. डीएलएसएस अजून वापरून पाहिलेले नाही, कारण माझ्याकडे जुनीच आवृत्ती आहे.

कापसाचा अंदाज अगदी खरा ठरला. आमच्याकडे होळीपर्यंत बैठकीत कापूस होता आणि दादा त्याच खोलीत बसून संपादन करत असे. यवतमाळला झाकण उघडून घेतले तेव्हा डाव्या पंख्यामागून पांढरा-करडा पट्टा एका तुकड्यात निघाला. आता फ्रेम ४५ वर बांधून दीड तास खेळलो तरी त्या तिथेच स्थिर राहतात. मुख्य म्हणजे दादा म्हणतो की चित्रफीत बाहेर काढतानाही यंत्र आता पूर्वीसारखे घरघरत नाही.

एक शंका उरली आहे. खेळताना धातूच्या झाकणावर मनगट टेकले की बारीक झिणझिण्या येतात. हे उष्णतेमुळे होते का?

मेळघाट_दुरुस्ती

नाही, त्याचा उष्णतेशी संबंध नाही. आपल्या घरातल्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नसावे, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून लावलेला असावा. ॲडॉप्टरमधून झिरपणारा अगदी अल्प प्रवाह जमिनीत जाण्याऐवजी झाकणावर राहतो आणि तोच हाताला जाणवतो. वायरमनला बोलावून त्या बोर्डाचे अर्थिंग तपासून घ्या, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी घ्या. तोपर्यंत ओल्या फरशीवर अनवाणी बसून लॅपटॉप वापरू नका, आणि हे दादालाही सांगा.