आठवीच्या वर्गात विधानसभा: भूमिका कशा वाटाव्यात?

प्रश्न (मुलुंड): ४० मुलं, ३५ मिनिटांचे दोन तास. मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षनेता व्हायला सगळे तयार, बाकीचे गप्प बसतात. काय करावं?

गिरगावकर: सत्ताधारी २२, विरोधक १५. उरलेल्या तिघांत अध्यक्ष, सचिव, मार्शल (सभागृहात शिस्त राखणारा). सचिव निवडून आलेला नसतो, अधिकारी असतो. हे मुलांना हमखास माहीत नसतं. पहिल्या तासात फक्त प्रश्नोत्तरं घ्या. प्रत्येक आमदाराने एक तारांकित प्रश्न (म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी मिळतं) आदल्या दिवशी लेखी द्यायचा, मंत्र्याने उत्तर आणायचं आणि त्यावर इतरांनी उपप्रश्न विचारायचे. गप्प मुलं इथेच बोलती होतात.

अध्यक्ष मात्र शांत मुलीला करा. मोठ्या आवाजाचा मुलगा बसवला की तो स्वतःच भाषणं ठोकतो! बोलणाऱ्याने ‘अध्यक्ष महोदय’ म्हणूनच बोलायचं, समोरच्या बाकाशी थेट भांडण नाही.

चेंबूर_नागरिकशास्त्र: गणसंख्याही, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान उपस्थिती, दाखवा. एकूण सदस्यांच्या एक-दशमांश किंवा १०, यांतली मोठी संख्या लागते. म्हणजे २८८ च्या सभागृहात २९. वर्गात चार धरा.

आणि दोन्ही बाजूंना प्रतोद (कसं मत द्यायचं हा पक्षाचा आदेश आमदारांना कळवणारा) द्याच. तो पक्षाचा माणूस, सभागृहाचा नव्हे. पक्षादेश मोडला की आमदारकी आपोआप जात नाही: पक्ष १५ दिवसांत माफ करू शकतो, नाहीतर निर्णय अध्यक्षांकडे.

गिरगावकर: बरोबर. मतदान मुद्दाम बरोबरीत आणा, कारण अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, तेव्हाच देतात. विधान परिषदेतला एक मंत्रीही ठेवा. विधानसभेत तो बोलेल, पण मत देणार नाही.