मदत हवी आहे: १९ वर्षांच्या स्ट्रायकरला कॅप्टन करावं का?

मंडळी, आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या गावच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन नोकरीसाठी बाहेर गेला. पोरं म्हणतात, स्ट्रायकरला कॅप्टनची पट्टी बांधा. गोल मारतो, वादच नाही. पण दोन मॅच कोरड्या गेल्या की मान खाली घालून फिरतो, पास चुकला की मागच्यांवर ओरडतो. परवा मात्र ०-२ ने मागे असताना पेनल्टी स्वतः न घेता धाकट्याला दिली. हा मोठेपणा की भीती? तिथंच माझा घोळ झालाय. भारताचे कॅप्टन झालेले ब्रह्मानंद शंखवाळकर गोलकीपर, त्यांच्यासमोर अख्खं मैदान असायचं. पण ब्रुनो कुतिन्होही स्ट्रायकर म्हणून खेळूनच भारताचे कॅप्टन झाले ना! टीम सांभाळलेल्यांनी सांगा, अशा पोरात तुम्ही नेमकं काय बघता? की आधी उपकॅप्टन करून बघू?