सूत्र पाठ आहे, पण उत्तर हजारपट चुकतं. नेमकं कुठलं गणित पक्कं करू?

बाळीवेस_०५:
नमस्कार. सोलापुरात पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. सूत्रं येतात, सर्किट वाचता येतं, गाडी आकडेमोडीत अडते. कालची तीन उत्तरं:
१) ९ व्होल्टची बॅटरी, २ व्होल्टचा लाल एलईडी, करंट १० मिलीअँपिअर. रेझिस्टर आला ०.७ ओहम.
२) १, २.२ आणि ४.७ किलोओहम पॅरललमध्ये. उत्तर १.६७ किलोओहम.
३) ३० अंशांच्या गुळगुळीत उतारावर ठोकळ्याचं त्वरण, ९.८ गुणिले साइन ३०. कॅलक्युलेटर म्हणतो उणे ९.६८.
परीक्षेला दोन आठवडे आहेत. दहावीपासूनचं सगळं परत करणं शक्य नाही. सुरुवात कुठून करू?

सोल्डर_आणि_फ्लक्स:
तिन्ही चुका वेगळ्या आहेत, म्हणून वेगवेगळ्याच बघ.

पहिलीत भागाकार बरोबर आहे. ७ भागिले १० म्हणजे ०.७ च. पण तू व्होल्टला मिलीअँपिअरने भागलंस, म्हणून उत्तर किलोओहममध्ये आलं. ०.७ किलोओहम, म्हणजे ७०० ओहम. ही जोडी डोक्यात बसव: व्होल्ट भागिले मिलीअँपिअर म्हणजे किलोओहम, आणि किलोओहम गुणिले मिलीअँपिअर म्हणजे व्होल्ट. ७०० चा रेझिस्टर दुकानात सहसा मिळत नाही, ६८० चा घे. करंट १०.३ मिलीअँपिअर होईल. रेझिस्टरवर ७ व्होल्ट पडतात, म्हणजे ७२ मिलीवॅट उष्णता. पाव वॉटचा रेझिस्टर आरामात चालतो.

आता ०.७ ओहम खरा धरून उलटं गणित कर: ७ भागिले ०.७ म्हणजे १० अँपिअर. एवढा करंट ती छोटी बॅटरी देऊच शकत नाही, आणि एलईडी जायला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. उत्तर आलं की ते असं सर्किटमध्ये परत घालून बघायचं. अर्धं मिनिट जातं, पण निम्म्या चुका तिथेच सापडतात.

दुसरीत शेवटची पायरी राहिली. १ + ०.४५५ + ०.२१३ = १.६६८, पण हा रेझिस्टन्सचा व्यस्त आहे. उलटा केला की ०.६ किलोओहम. पॅरललचं उत्तर सगळ्यात लहान रेझिस्टरपेक्षा लहानच असतं. इथे ते १ किलोपेक्षा मोठं आलं, तिथेच थांबायला हवं होतं. ‘गुणाकार भागिले बेरीज’ फक्त दोन रेझिस्टरांना चालतं. तीन एकदम घालू नकोस, आधी दोनांचं काढ, मग त्याला तिसरा जोड.

तिसरी चूक कॅलक्युलेटरची. तो रेडियनवर आहे. परीक्षेला बसलास की आधी साइन ३० दाबायचं, ०.५ दिसलं की पुढे. तुझं उत्तर ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग. मात्र पुढे एसी सर्किटमध्ये ‘२ पाय (π) गुणिले वारंवारता गुणिले वेळ’चा साइन काढताना तोच कॅलक्युलेटर रेडियनवर लागतो. तेव्हा बदलायला विसरू नकोस.

उजनी_मीटर:
वरच्यात एकच भर. पक्षांतर. शाळेतलं ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य मुलं गुणाकारालाही लावतात आणि तिथेच घसरतात.

तुळजापूर रोडवर ताशी ४५ किलोमीटरने जाणारी बस ब्रेक लावून २५ मीटरमध्ये थांबली, मंदन काढा. सूत्र: अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × अंतर. आकडे अजिबात घालू नकोस. आधी त्वरण एकटं कर: आधी वजाबाकी, मग अख्ख्या वजाबाकीला ‘२ × अंतर’ने भाग. कंस घालायला आळस केलास की फक्त दुसरं पद भागलं जातं. मग ४५ ला ५/१८ ने गुण, १२.५ मीटर प्रति सेकंद. त्याचा वर्ग १५६.२५, भागिले ५०, म्हणजे मंदन ३.१. एकक न बदलता ४५ चाच वर्ग केलास तर ४०.५ येतं, गुरुत्वत्वरणाच्या चौपट. ब्रेक मारून कुठलीच एसटी तशी थांबत नाही.

बाळीवेस_०५:
खूप आभार, दोघांचेही. अजून एक. प्रॅक्टिकलला १२ व्होल्टवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावले. मधे ६ यायला हवेत, डिजिटल मीटर ५.७ दाखवतो. रेझिस्टर वेगळे मोजले तर दोन्ही बरोबर आहेत.

उजनी_मीटर:
मीटर बरोबर आहे, सर्किट मात्र बदललं. बऱ्याच डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो आणि तो खालच्या रेझिस्टरला पॅरलल होतो. १ आणि १० चं पॅरलल ०.९०९. मग १२ × ०.९०९ भागिले १.९०९ म्हणजे ५.७१. तेच दोन रेझिस्टर १० किलोचे लाव, ६ च दिसतील. पण त्या ६ व्होल्टवर १० किलोचा लोड टाकलास की खाली ५ किलो उरतात आणि व्होल्टेज ४ वर येतं. डिव्हायडरचं, म्हणजे व्होल्टेज वाटून घेणाऱ्या अशा सिरीज जोडीचं, सूत्र वापरताना मधल्या बिंदूवर आणखी काय जोडलंय हे आधी बघ.

सोल्डर_आणि_फ्लक्स:
दहाचे घात रोज पंधरा मिनिटं कर, लॉग त्यानंतर. घातांत कॅलक्युलेटरची एक खोड आहे. १०० मायक्रोफॅरड टाकताना १००, घाताचं बटण, उणे ६, एवढंच दाबायचं. त्या बटणातच ‘गुणिले १०’ असतं. आधी वेगळं ‘× १०’ दाबलंस की उत्तर दहापट होतं. १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स, १ सेकंद आहे, तुला १० दिसेल. कपॅसिटर रिकामा असताना सप्लाय दिला तर १ सेकंदात तो ६३ टक्के भरतो, अर्धा भरायला ०.६९ सेकंद. आणि इलेक्ट्रोलिटिकवर छापलेला आकडाच बहुतेक वेळा २० टक्के मागेपुढे असतो, म्हणून स्टॉपवॉचवर ०.८ आले तर गणित खोडू नकोस.