वर्गात ‘गॉना-वॉना’ शिकवायचं का?

खडूफळा: गोव्यात शिरोड्याच्या बाजूला आठवीला इंग्रजी शिकवते. मुलं चौथीपर्यंत मराठी माध्यमातली, पाचवीपासून सगळं एकदम इंग्रजीत. परवा एकाने निबंधात लिहिलं, ‘आय अ‍ॅम गॉना पणजी’. नुसती लाल रेघ मारायच्या ऐवजी मी फळ्यावर समजावलं की ‘गॉना’ म्हणजे बोलण्यातलं ‘गोइंग टू’, पण त्याच्या पुढे क्रियापदच हवं. ‘आय अ‍ॅम गॉना ईट’ चालतं, गावाला जाताना मात्र ‘गोइंग टू’च. स्टाफरूममध्ये ऐकून घ्यावं लागलं, ‘असलं वर्गात शिकवतात?’ माझ्या मते शिकवावं. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त मास्तर: नाही. पोरांना ‘ही गोज’ धड येत नाही आणि तुम्ही ‘गॉना’चे लाड करता. दहावीचा पेपर तपासणारा ‘वॉन्ट टू’च्या जागी ‘वॉना’ बघून मार्क देणार आहे का? रस्त्यावरची भाषा रस्त्यावर येते. हणजुण्याच्या किनाऱ्यावर शॅकमध्ये, म्हणजे झोपडीवजा हॉटेलांत, काम करणारे पोरगे रशियन बोलतात, कुठल्या शाळेत शिकले?

मोपावाला: सर, व्याकरणात मी वर्गात पहिला. मोपा विमानतळावर कामाला लागलो त्या आठवड्यात एका इंग्रज आजींनी विचारलं, ‘यू ऑलराइट?’ मला वाटलं, मी आजारी दिसतोय. म्हटलं, ‘येस मॅडम, नो फीवर.’ ते त्यांचं ‘कसं काय, बरं ना?’ आहे, हे नंतर कळलं. अजून चिडवतात.

निवृत्त मास्तर: हसलो. पण तुम्ही आठवड्यात शिकलात ना? तास कशाला घालवायचा?

आंबाडे: आणि बोली इंग्रजी म्हणजे कुणाची हो? लंडनची, की आमच्या म्हापशाच्या बाजारातली ‘व्हॉट मॅन, कमिंग नो?’ टीचर, ही शिकवणार?

खडूफळा: ती त्यांना माझ्यापेक्षा बरी येते! सर, आमची मुलं घरी कोकणीत ‘हांव वतां’ म्हणतात आणि वहीत ‘मी जातो’ लिहितात, तेही पहिलीपासून. कुठे काय चालतं याची जाण त्यांना आहेच, इंग्रजीत ती कुणी वापरू दिली नाही एवढंच. म्हणून फळ्यावर आता दोन रकाने असतात, बोलताना आणि लिहिताना. ‘वॉना’ ऐकून कळलं पाहिजे. पेपरात लिहिलं तर मार्क मीच कापते.

निवृत्त मास्तर: कापता ना? मग रकाने राहू देत. फक्त पहिला रकाना परीक्षेच्या आठवडाभर आधी पुसा.