राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट झालं, मग माझ्या दारात पाणी कधी?

गंगावेशकर

पावसाळ्यात आमच्या घरी सकाळचा चहा व्हायच्या आत एकच प्रश्न विचारला जातो: "बंधाऱ्यावर किती?" कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१च्या जुलैमध्ये ५६च्या वर. हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ आहेत.

आणि पाठ असूनही २०१९ला मी फसलो. आमची पिठाची गिरणी आहे. २००५च्या पुरात पाणी गिरणीच्या जोत्याला लागून परत गेलं होतं. त्या हिशोबानं मी मोटर दोन फूट वर फळ्यांवर चढवली, पोती माळ्यावर टाकली आणि निर्धास्त झोपलो. पाणी नदीच्या अंगानं येणार म्हणून लक्ष तिकडं. ते आलं मागच्या गटारीतून, उलटं. पहाटे दार उघडलं तेव्हा मोटर बुडाली होती.

शेजारच्या आजी मात्र आदल्या संध्याकाळीच बोचकं घेऊन लेकीकडं गेल्या होत्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या पाराला पाणी टेकलं की रात्रीत आपल्या पायरीला येतं. आमच्या ह्यांनी ८९च्या पुरात बघून ठेवलं होतं."

आजींकडं होतं ते माझ्या मोबाइलमध्ये नव्हतं. मोबाइलवर अख्ख्या जिल्ह्याचा रेड अलर्ट येतो, पाणी मात्र एकेका गल्लीत वेगळ्या वेळी, वेगळ्या वाटेनं शिरतं. सुतारवाड्यात पाणी आलं ही बातमी शुक्रवार पेठेतल्या माणसाला उपयोगाची आहे, पण किती तास आधीची, हे कुणी सांगत नाही.

म्हणून माझं म्हणणं: पूररेषेतल्या प्रत्येक गल्लीत विजेच्या खांबावर रंगानं लिहा, "बंधाऱ्यावर इतके फूट झाले की इथं पाणी." २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर बघितलेली माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना विचारून हे एका उन्हाळ्यात होईल. दर जुलैला आपण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर भांडतो. ते भांडण चालू राहू दे, पण त्यानं माझी मोटर वर चढत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

दादा, तुमचं नुकसान समजतं, पण शेवटच्या वाक्याशी पूर्ण असहमत. सांगलीत आम्ही आयर्विन पुलाकडं बघतो. तिथं ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. त्या दिवसांत दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट यांचं काय झालं ते मी होडीतून बघितलंय. तिथल्या माणसांना खांबावरचा आकडा काय कामाचा? खांबच बुडाले होते.

आधी पाणी का तुंबतं ते विचारा. सांगलीच्या खाली कृष्णेला उतार फार कमी. पुढं अलमट्टी, १२३ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण. त्याची पातळी ५१९.६० मीटर धरायची, आणि कृष्णा पाणीवाटप लवादानं ती ५२४ मीटरच्या वर न्यायला मुभा दिलेली. ऑगस्टमध्ये ५१७च्या आसपास ठेवा, ही इथल्या लोकांची साधी मागणी आहे. खालची वाट मोकळी नसेल तर वर तुम्ही कितीही रंग लावा. आणि एक भीती बोलून दाखवतो. लोक स्वतःच खुणा करायला लागले की सरकार म्हणणार, "आम्ही सांगितलं होतं, तुम्ही हलला नाहीत." जबाबदारी आपल्याच गळ्यात येईल.

धरणावरचा_माणूस

पाटबंधाऱ्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. दोघांच्याही विरोधात थोडं बोलतो.

सांगलीकर, २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामुळं मागं दाटणाऱ्या पाण्याला, त्या पुराचं कारण मानलेलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांवर तिनं बोट ठेवलं. अहवाल तुम्हाला पटला नसेल, बऱ्याच जणांना पटलेला नाही, पण तो नसल्यासारखं बोलू नये. जून २०२१मध्ये दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांची बैठक झाली, विसर्गाचा ताळमेळ ठेवायचं ठरलं. त्याच जुलैत सांगलीचं पाणी २०१९पेक्षा कमी राहिलं, पण कोल्हापूरचं वाढलं. २२ जुलैच्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. तसा पाऊस घाटमाथ्यावर कोसळला की पंचगंगा कुणाचं ऐकत नाही.

"धरणं आधी रिकामी का ठेवत नाही?" हे मी हजार वेळा ऐकलंय. हिशोब करू. एक लाख क्युसेकची, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफुटांची, आवक चोवीस तास राहिली तर ८.६४ टीएमसी पाणी येतं. कोयनेत, म्हणजे १०५ टीएमसीच्या धरणात, तुम्ही दहा टीएमसी जागा राखली तर ती सव्वा दिवसात भरते. हा सव्वा दिवस मोलाचा आहे, मी नाकारत नाही. पण पाऊस पाच दिवसांचा असतो. राधानगरीचं तर आणखी वेगळं. शाहू महाराजांच्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी पूर्ण पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, प्रत्येकातून १४२८ क्युसेक. सातही उघडले तरी दहा हजाराच्या आत. पंचगंगेच्या महापुरात हा वाटा लहान आहे. मोठा वाटा धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटाचा, म्हणजे जिथला पाऊस धरणात न अडता थेट नदीत येतो त्या भागाचा. तिथं दरवाजाच नाही, मग बंद काय करणार?

आता गंगावेशकर, तुमच्या खांबांबद्दल. बंधाऱ्यावर तोच आकडा असूनही गल्लीतलं पाणी दर वेळी सारखं नसतं. नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेला पुढं सरकायला जागा नसते, पाणी मागं दाटतं. त्यात शहरातच जोराचा पाऊस झाला की जयंती नाला भरतो आणि नदी यायच्या आधी गटारं उलटतात. तुमच्या गिरणीत बहुधा हेच झालं. २०१९ला पाणी कितीतरी दिवस चढत राहिलं, २०२१ला दोन-तीन दिवसांत सगळं झालं. "४७ फूट" असं एकदा रंगवलं की लोक ४६ला झोपून राहतील. चुकीची खूण ही खूण नसण्यापेक्षा वाईट.

वेदगंगाकाठ

मी निपाणीकडची. घरात मराठी बोलतो, पुराच्या नकाशात कर्नाटकात मोडतो. सांगलीकर दादांनी अलमट्टीचं लिहिलं तेव्हा वाटलं, आमच्याकडचंही एकदा ऐकावं. चिकोडी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं की पारावर पहिलं वाक्य असतं, "महाराष्ट्रानं पाणी सोडलं." तुम्ही खाली बोट दाखवता, आम्ही वर दाखवतो. नदी तीच.

पण आमच्याकडं एक गोष्ट बरी आहे. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक सुटतंय आणि दूधगंगेतून किती येतंय, याची बेरीज रोज सांगितली जाते. शेतकऱ्यांनी त्या बेरजेवरून आपापला अंदाज बसवलाय. सासरे म्हणतात, "बेरीज अमुक लाखावर गेली की मळ्यातली मोटर काढायची." विहिरीवरची, नदीवरची, प्रत्येक मोटरीचा आकडा वेगळा. कुणी शिकवलेलं नाही. म्हणजे गंगावेशकर म्हणतात ते होतं, आमच्याकडं होतच आलंय. फक्त ते माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं म्हातारी झालीत.

यमगर्णीजवळ २०१९लाही महामार्ग पाण्याखाली गेला आणि २०२१लाही. पलीकडं दवाखाना होता, अलीकडं आम्ही. नणंदेला नववा महिना होता. पाणी घरापासून लांब होतं हो, तरी आम्ही अडकलो. तेव्हा खांबावर "इथं पाणी कधी" याबरोबर "इथून बाहेर पडायचा रस्ता कधी बंद" हेही लिहा. आमच्यासाठी तोच आकडा मोठा.

प्रयागकाठचा_शेतकरी

सगळ्यांचं वाचलं. ताईंचं सोडलं तर सगळी चर्चा घर, मोटर, धरण. गोठ्याचं कोण बोलणार?

आमच्या भागात प्रयाग चिखली आणि आंबेवाडीला १९८९च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाली. दर पुरात टीव्हीवर कुणीतरी विचारतंच, "एवढी वर्षं झाली, ही माणसं तिकडं का गेली नाहीत?" साहेब, जमीन इथं, ऊस इथं, वैरण इथं. म्हशीला दोन वेळा पाणी आणि वैरण लागते, ती काय मोबाइल बघून हलत नाही. पहाटेची धार काढून डेअरीला घालायची असते. सोनतळीला घर होईल, पण आठ जनावरांचा गोठा त्या प्लॉटात कसा बसवायचा?

२०१९ला आम्हाला निरोप मिळाला नाही असं म्हणणार नाही. मिळाला. बायका-पोरं ट्रॉलीत घालून पाठवली. पण ज्या शाळेत सोय होती तिथं जनावरांना जागा नव्हती, म्हणून मी आणि धाकटा भाऊ मागं राहिलो. प्रत्येक घरात असाच एक माणूस मागं राहतो. मग तो अडकतो, मग होडी लागते. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला होडी उलटली. त्यात गेलेली माणसं काय इशारा न ऐकणारी अडाणी होती? ती निघालीच होती. सुटकेची सोय पुरी पडली नाही.

निवृत्त साहेब म्हणतात आकडा चुकेल. चुकू दे की! आम्हाला दोन फूट आधीचा सांगा. मी दोनदा उगाच जनावरं हलवीन, तिसऱ्यांदा पण हलवीन. पण जिथं न्यायची तिथं दावण, वैरण आणि पाणी असलं पाहिजे. तेवढं नसेल तर तुम्ही खांब सोन्यानं रंगवा, मी गोठ्यातच राहणार.

वाशिष्ठीतीर

चिपळूणहून. कोल्हापूरच्या आजींना आदल्या संध्याकाळीच कळतं हे वाचूनच हेवा वाटला. आमची नदी छोटी, उतार तीव्र, वर सह्याद्री आणि खाली भरती. २२ जुलै २०२१ला मध्यरात्रीनंतर पाणी बाजारात शिरलं आणि उजाडेपर्यंत पहिला मजला गाठत होतं. कोण खांब वाचणार अंधारात? आमच्याकडं भोंगा हवा, घाटातल्या पर्जन्यमापकाला थेट जोडलेला. त्याच दिवशी महाडजवळ तळियेत दरड कोसळली. तिथं तर नदीचा आकडाही नव्हता, डोंगर होता. एकच उपाय सगळ्या महाराष्ट्राला लावू नका एवढंच सांगायचंय. वाशिष्ठीतला गाळ काढायला लोकांना उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठं काम हललं, हेही लक्षात असू दे.

कृष्णाकाठ_सांगली

शेतकरीदादा, ब्रह्मनाळचं नाव घेतलंत. त्यानंतर खांबांना विरोध करायला माझं मन होत नाही. तरी अलमट्टीचा मुद्दा सोडणार नाही. धरणावरच्या काकांना एक विचारतो: फुगवटा कारण नाही असं धरलं, तरी उंची वाढल्यावरही तो कारण होणार नाही याची हमी कोण देणार? आणि फक्त अलमट्टीच का, शिरोलीजवळ महामार्गाचा भराव नदीच्या पूरमैदानात आडवा पडलाय. तिथं भरावाऐवजी कमानी करा असं लोक कधीचं मागतायत. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, अपार्टमेंटं उभी राहतात आणि तिथं घर घेणाऱ्याला विक्रीच्या वेळी कुणी रेषा दाखवत नाही. खांबावर लिहायचं असेल तर निळी रेषा पण लिहा. घर घेणारा आधी खांब वाचेल.

धरणावरचा_माणूस

हमी मी देणार नाही. गणित मांडता येतं, ते उघड्यावर, दोन्ही राज्यांच्या लोकांसमोर मांडावं, यावर आपलं एकमत आहे. भरावाबद्दल तुमचं बरोबर आहे असं माझं मत.

खांबांचा विरोध थोडा मागं घेतो. शेतकऱ्याचं "दोन फूट आधीचा सांगा" हे मला सुचायला हवं होतं. एक आकडा लिहू नका. गल्लीतल्या तीन पुरांपैकी ज्या वेळी सर्वांत कमी पातळीला पाणी आलं, तो आकडा घ्या, त्यातून दोन फूट वजा करा आणि त्याला "हला" म्हणा. जिथं गटार उलटतं तिथं वेगळा रंग, कारण तिथं नदीच्या पातळीवर विसंबू नये, शहरातला पाऊस बघावा. कृष्णा खोऱ्यात पाऊस आणि पाणीपातळी आपोआप कळवणारी केंद्रं आहेत, घाटातला पाऊस जवळपास लगेच दिसतो. तो आकडा गल्लीपर्यंत नेणारा कुणी नाही, हे आमच्या खात्याचं अपयश मी मान्य करतो. आम्ही क्युसेकमध्ये बोलत राहिलो.

गंगावेशकर

काका, मनापासून आभार. मी "४७ला पाणी" असं लिहिणार होतो. आता "४५ला हला" लिहीन.

शेतकरीदादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या मूळ मांडणीत जनावर नव्हतंच. गल्लीतला माणूस गल्लीपुरतं बघतो. आमच्या पेठेतल्या तालमीची पोरं पुरात दरवर्षी उतरतात. त्यांच्याशी बोललो. गावाजवळ उंचावर कुणाचं रिकामं शेड असेल तर उन्हाळ्यातच दावणी ठोकून, वैरणीच्या पेंढ्या रचून ठेवायला ती तयार आहेत. जागा तुम्ही दाखवा. आणि तुमच्या गोठ्याचा आकडा काय, तो सांगा. खांबांच्या यादीत पहिला तोच घेतो.

प्रयागकाठचा_शेतकरी

गोठ्याच्या उंबऱ्याला २०१९ला ४४वर लागलं, २०२१ला ४३ व्हायच्या आत. म्हणजे काकांच्या हिशोबानं ४१ व्हायच्या आत हला. आठ जनावरं, त्यातल्या दोन गाभण. ट्रॉलीच्या दोन खेपा, दोन तास. रस्ता कधी बंद होतो ते ताईंनी विचारलं, ते उद्या वडिलांना विचारून लिहितो. शेड आमच्या मामांचं आहे, माळावर, छप्पर गळतंय पण भिंती पक्क्या. रविवारी या, पत्रे किती लागतील ते मोजून घेऊ.