मूळ इंजिन वाचवावं की ११८एनईचं बसवावं? काकांची १९६८ची फियाट स्पायडर

मृण्मयी

प्रभात रोडवरचा आमचा बंगला पुनर्विकासाला जातोय. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांची गाडी १९९२पासून उभी आहे आणि दिवाळीपर्यंत शेड रिकामी करून द्यायची आहे. त्यामुळे इतकी वर्षं टाळलेला निर्णय आता घ्यावाच लागणार.

गाडी आहे फियाट १२४ स्पोर्ट स्पायडर, १९६८ची. काकांनी १९७४ साली दिल्लीहून आणली. मूळची एका वकिलातीतल्या अधिकाऱ्याची. त्या काळी अशा गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. स्टिअरिंग डावीकडे (उजव्या स्टिअरिंगची स्पायडर कारखान्याने कधी काढलीच नाही), कापडी टप, पुढे दोन माणसं आणि मागे एखादं लहान मूल मावेल एवढी जागा. त्या जागेत बसून मी कितीदा खडकवासल्याला गेले आहे.

आजची अवस्था अशी. दोन्ही दारांखालचे सिल गंजून भुसभुशीत झालेत. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यातून शेडची फरशी दिसते. पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या वरचा भाग या मॉडेलमध्ये हमखास गंजतो म्हणतात, पण तो हातोडीने वाजवून बघितला तर अजून घट्ट आहे. इंजिन जाम आहे. पुलीला पाना लावून जोर दिला, जागचं हललं नाही.

तीन मेकॅनिकना दाखवली. त्यातल्या दोघांचा सल्ला एकच: हे इंजिन विसरा, प्रीमियर ११८एनईचं (भारतात बनलेली प्रीमियरची जुनी गाडी) टाका, महिन्यात गाडी रस्त्यावर.

मला हे पटत नाही. या गाडीतलं १४३८ सीसीचं इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदीने आखलं. हा माणूस फियाटमध्ये येण्याआधी फेरारीसाठी व्ही-१२ इंजिनं बनवत होता. डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे), म्हणजे ट्विन कॅम, ही तेव्हा महागड्या गाड्यांची चैन होती. कॅम फिरवायला साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा लावून ती रचना मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत आणली ती या इंजिनाने. याच कुळातल्या इंजिनांवर पुढे लॅन्शिया डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं विजेतेपद घेतलं. पिनिनफारिनाने घडवलेली बॉडी सुंदर आहेच. पण काका बॉनेट उघडून जे दाखवायचे ते इंजिन. ते काढून टाकल्यावर मी नक्की काय वाचवलं म्हणायचं?

पहिल्या टप्प्यासाठी तीन लाख बाजूला काढलेत. मतं हवी आहेत, विरोधी असली तरी.

घाटवाट

असहमत, आणि मनापासून असहमत.

मी बावीस वर्षं ११८एनई वापरतो. तिचं शरीर फियाट १२४ सलूनचंच (छप्पर असलेल्या चार दारी गाडीचंच) आहे, म्हणजे तुमच्या स्पायडरची सख्खी चुलत बहीण. त्यात निसानचं ए१२ इंजिन आहे, ११७१ सीसी. गॅस्केट, बेअरिंग, वॉटर पंप, काहीही लागलं तर नाना पेठेत दोन-चार दुकानं फिरून संध्याकाळपर्यंत मिळतं. तुमच्या ट्विन कॅमचा एक ऑइल सील हवा असला तरी परदेशातून मागवायचा, वर कुरिअर, वर ड्युटी.

सदाशिव पेठेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी हाच हट्ट धरला होता. गाडी वेगळी, हट्ट हाच. इंजिन उघडलं, भाग डब्यांत भरले, बाहेरच्या पिस्टनची वाट बघत चौदा वर्षं गेली. कुठला बोल्ट कुठला हे फक्त त्यांना माहीत होतं. ते गेले. मुलाने डबे वजनावर भंगारात दिले. मी तेव्हा तिथे उभा होतो. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: गाडी आधी चालली पाहिजे.

शमा

मला गाड्यांतलं कळत नाही, पण एक विचारते. काकूंना काय हवंय, हे कुणी विचारलंय का? घर रिकामं करायचं, दोन-तीन वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं. त्यात तीन लाख आणि माणसांचं सगळं लक्ष एका गाडीकडे. ज्याच्याकडे कोरडी शेड आणि स्वतःचे कारागीर आहेत, अशा एखाद्या संग्राहकाला विकली तर गाडीचंही भलं होईल. आपल्याकडे असणं म्हणजेच तिच्यावर प्रेम करणं, असं मला वाटत नाही.

मृण्मयी

शमाताई, विचारलं. काकू म्हणाल्या, "गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की मी कुकर लावायचे." एवढंच म्हणाल्या. विका किंवा ठेवा, यातलं काही नाही. मी त्यातून माझा अर्थ घेतला, हे मान्य करते. संग्राहकाचा पर्याय मी पूर्ण फेटाळलेला नाही. पण ज्या एकाने चौकशी केली, त्याला गाडी सुट्या भागांसाठी हवी होती.

घाटवाट, सदाशिव पेठेचं वाचून रात्री झोप लागली नाही. तुमची भीती मला कळते.

भोसरी लेथ

एकोणीसशे नव्वदपासून इंजिनाचीच कामं करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जाम झालं म्हणजे संपलं असं नसतं. इतकी वर्षं उभ्या इंजिनात बहुतेकदा पिस्टनच्या रिंगा सिलेंडरच्या भिंतीला गंजाने धरलेल्या असतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) अर्धं-अर्धं ओता आणि विसरून जा. दोन आठवडे, महिना. पातळी उतरली की परत भरा. मग पुलीवर पाना लावून मागे-पुढे हलकं हलवत राहा, नुसतं एकाच दिशेला रेटू नका. स्टार्टरला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात आधी पट्टा. तो रबर १९९२च्याही आधीचा आहे. तुटला किंवा दात सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात, मग खरंच खर्चात पडाल.

ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. भिंती खराब निघाल्या तर बोअर करता येतो, फारच गेलं असेल तर लायनर मारता येतो. हे काम भोसरी-चिंचवडला रोज होतं. मला काळजी हेडची, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणाची आहे. ते अॅल्युमिनियमचं. आत साधं पाणी तसंच राहिलं असेल तर पाण्याच्या वाटा खाल्लेल्या असतील, आणि हेड स्टडला चिकटून बसलेलं असेल. पहार घालून उचकटू नका.

आता दोघांशीही असहमती. तुम्ही इंजिनावर भांडताय आणि गाडी पत्र्यावरून जाणार आहे. या गाडीला वेगळी चासी नाही आणि वर छप्परही नाही. सगळा भार दाराखालच्या सिलवर असतो. तुमचे सिल गेलेत. ते कापण्याआधी दाराच्या उघड्या जागेत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, आडवा पाइप वेल्ड करून बॉडी धरून ठेवावी लागते. एकेक बाजू करायची. नाहीतर बॉडी मध्ये खचते आणि मग दारं या जन्मात नीट लागत नाहीत. डेंटिंगवाल्याने "लांबी (पुट्टी) भरून देतो" म्हटलं तर तिथून उठून या. तुमचे तीन लाख पत्र्यातच जातील. इंजिन कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

नोंदणी खिडकी

कायद्याची बाजू कुणीच मांडली नाही, म्हणून लिहितो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. नंतर नूतनीकरण ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नसावा. ए१२ बसवलंत की हा मार्ग बंद. शिवाय डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या १२०व्या कलमाप्रमाणे चालू स्थितीतला सिग्नल लागतो, तेवढं वायरिंग करताना बघा.

घाटवाट

नियम अर्धा सांगितलात. व्हिंटेज नोंदणी घेतली की ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे मृण्मयींना खडकवासल्याला सहज चक्कर मारायचीही चोरी. साधी नोंदणी पुन्हा करून घ्या, इंजिनबदल आरटीओत रीतसर नोंदवा आणि गाडी चालवा. काका ती चालवत होते, मखरात ठेवत नव्हते.

आणि पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉल पाणी धरतं आणि जुन्या रबराला खातं. त्या वेबर कार्बोरेटरला आणि पंपाच्या पडद्याला ते किती दिवस झेपेल?

भोसरी लेथ

पेट्रोलचे पाइप आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले आणि गाडी उभी ठेवताना टाकी व कार्बोरेटर रिकामे केले, तर झेपतं. तुमच्या ११८एनईलाही तेच करावं लागेल, तिचाही कार्बोरेटरच आहे. पण सलूनमध्ये बसतं म्हणून स्पायडरमध्ये ए१२ सहज बसेल हे धरून चालू नका. माउंटिंग नवी, गिअरबॉक्स वेगळा, प्रोपेलर शाफ्ट कापून जोडायचा. महिन्यात होतं म्हणणाऱ्याने ते केलेलं नाही. आणि नव्वदच्या आसपास अश्वशक्तीच्या जागी पन्नासची.

घाटवाट

शाफ्टचं मान्य. बाकी माझं मत तेच. चालणारी पन्नास अश्वशक्ती डब्यातल्या नव्वदपेक्षा मला जवळची आहे.

मृण्मयी

ठरलं ते लिहिते. आधी पत्रा. वाघोलीजवळ मैत्रिणीच्या वडिलांचं गोडाऊन वर्षभरासाठी मिळतंय, कोरडं आहे. गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्यायची. प्लगच्या भोकांतून काल डिझेल आणि एटीएफ ओतलं. तिसऱ्या सिलेंडरमधलं सकाळपर्यंत पूर्ण उतरलं होतं, बाकीच्या तिघांत जसंच्या तसं आहे. हे चांगलं की वाईट?

घाटवाट, ट्विन कॅम मी उघडणार आहे. पण प्रत्येक भागाला चिठ्ठी, फोटो आणि एक वही, आणि त्या वहीची प्रत माझ्या भावाकडे. पुढच्या वर्षी पाडव्यापर्यंत ब्लॉक लेथवर चढला नाही, तर तुमचं म्हणणं पुन्हा वाचेन.

भोसरी लेथ

तिसऱ्यात रिंगा मोकळ्या आहेत किंवा व्हॉल्व्ह उघडा राहिलाय. वाईट नाही. ऑइल संप काढून बघा, खाली डिझेल उतरलं असेल तर रिंगांतून गेलं. बाकी तिघांना वेळ द्या.

हेड उघडाल तेव्हा एक करा. कॅमखाली प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक छोटी पोलादी चकती असते. तिच्या जाडीवर व्हॉल्व्हचा गॅप ठरतो. आठही चकत्या एका ओळीत, कुठल्या व्हॉल्व्हवरची ते लिहून ठेवा. अंड्यांचा ट्रे चालेल. मिसळल्या तर मायक्रोमीटर घेऊन सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि तशी चकती नाना पेठेत मिळत नाही.